सड्यावरची रानफुले टिपताना मॅक्रो लेन्स आधी घ्यावी की भक्कम ट्रायपॉड?

रानवाट

नमस्कार. पावसाळा सरत आला की मी साताऱ्याजवळच्या कास आणि चाळकेवाडीच्या पठारांवर, म्हणजे सड्यांवर, रानफुलांची छायाचित्रे काढायला जातो. माझ्याकडे कॅननचा २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (छोट्या सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ची किट लेन्स, ५० मिमी एफ/१.८ लेन्स आणि ॲल्युमिनियमचा एक हलका ट्रायपॉड आहे. तेरडा आणि सोनकीची चित्रे मनासारखी मिळतात. अडचण सुरू होते ती सीतेची आसवे, गेंद आणि दवबिंदू या चिमुकल्या वनस्पतींपाशी. सीतेच्या आसवाचे फूल जेमतेम सेंटीमीटरभर, देठ दोऱ्याएवढा बारीक, आणि पठारावर आडोसा असा कुठेच नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून, दोन सेकंदांचा टायमर लावून काढलेल्या चित्रांतही पाकळीची कड दुहेरी दिसते. शिवाय फूल चौकटीत इतके लहान येते की कापून मोठे केल्यावर त्यात तपशील उरत नाही. यंदाच्या हंगामात मला एकच मोठी खरेदी परवडेल. कार्बन फायबरचा चांगला ट्रायपॉड घ्यावा की १०० मिमीच्या आसपासची, इवल्या गोष्टी जवळून मोठ्या टिपणारी मॅक्रो लेन्स, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

अक्षांश१७

खरेदीचा निर्णय घेण्याआधी जुन्या चित्रांची एक तपासणी करावी, असे सुचवतो. मूळ फाइल शंभर टक्के आकारात उघडा आणि फुलाच्या देठाजवळ, फोकस जिथे आहे त्याच अंतरावर आलेला मुरुमाचा एखादा खडा शोधा. खडा स्वच्छ आणि पाकळी पुसट असेल, तर दोष वाऱ्याचा आहे. खड्यालाही त्याच दिशेने दुहेरी कड आली असेल, तर कॅमेरा हलला आहे. दोन्ही नुसतेच मऊ दिसत असतील, तर फोकस पुढेमागे गेलेला आहे. तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे असल्यामुळे ही तपासणी टाळू नये.

माझा अंदाज वाऱ्याचा आहे, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. झुळुकीत फूल सेकंदाला एक सेंटीमीटर या गतीने हलते, असे धरू. पठारावर ही गती फारच सौम्य म्हणावी लागेल. शटर १/६० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात फूल सुमारे ०.१७ मिमी सरकते. सेन्सरवरची प्रतिमा फुलाच्या निम्म्या आकाराची असेल, तर ते सरकणे तिथे ०.०८ मिमी होते, आणि तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल ०.००४ मिमीहूनही लहान असल्याने पाकळीची कड वीस-बावीस पिक्सेलांवर फासली जाते. हेच शटर १/५०० केले, तर फासणे तीन पिक्सेलांच्या आत येते. ट्रायपॉड कॅमेऱ्याला धरून ठेवतो, फुलाला नाही, आणि कितीही किमती कार्बन फायबर घेतले तरी या हिशेबात काडीचाही फरक पडत नाही. खडा स्वच्छ निघाला, तर भक्कम ट्रायपॉडवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

निरगुडी

वरील हिशेबाशी मी पूर्णपणे सहमत आहे, परंतु मॅक्रो लेन्स घेण्याआधी एक्स्टेन्शन ट्यूबचा (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळीचा) विचार जरूर व्हावा. तुमच्या ५० मिमी लेन्सच्या मागे २५ मिमीची ट्यूब लावली, की प्रतिमा फुलाच्या सुमारे ०.७ पट आकाराची मिळते, म्हणजे सेंटीमीटरभराचे फूल चौकटीची जवळजवळ निम्मी उंची व्यापते. ट्यूब घेताना तिच्यात विद्युत संपर्काच्या पिना आहेत ना, हे पाहून घ्या. पिना नसलेल्या स्वस्त ट्यूबवर कॅननच्या ईएफ लेन्सचे ॲपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) कॅमेऱ्यातून बदलता येत नाही. ते पूर्ण उघडेच राहते, आणि एफ/१.८वर फोकसची खोली (पुढेमागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती) इतकी थोडी असते की एखाद्या पाकळीची कडसुद्धा सलग स्पष्ट येत नाही. निम्म्या आकाराच्या प्रतिमेसाठी ॲपर्चर बारीक करून एफ/८ ठेवले, तरी जेमतेम दोन मिलिमीटरांची खोली हाती लागते.

ट्यूबच्या दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. पहिली म्हणजे दीड स्टॉपच्या आसपास प्रकाश कमी होतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). हे मॅक्रो लेन्सलाही चुकत नाही, कारण प्रतिमा मोठी होऊ लागली की प्रत्येक लेन्सचा प्रकाश घटतो. दुसरी अडचण अंतराची. ट्यूब लावलेली ५० मिमी लेन्स फुलापासून चार-पाच बोटांवर न्यावी लागते, तिची सावली फुलावर पडते आणि फुलावर बसलेला कीटक हमखास उडून जातो. १०० मिमी मॅक्रो लेन्स वीतभर किंवा त्याहून लांबून तेवढेच चित्र देते, आणि मुळात ती याच सोयीसाठी घ्यायची असते.

प्रकाशाचा प्रश्न मी फ्लॅशने सोडवते. छोटा फ्लॅश तारेने कॅमेऱ्यापासून सुटा करून फुलाच्या बाजूला वरच्या अंगाने धरावा आणि त्यासमोर पांढऱ्या फोमचा तुकडा लावावा. फ्लॅशची शक्ती आठव्या किंवा सोळाव्या भागावर आणली, की त्याचा लखलखाट १/१००० सेकंदापेक्षाही कितीतरी कमी वेळ टिकतो आणि हलते फूल त्यात गोठते. शटर १/२०० ठेवून आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) असा निवडावा की नैसर्गिक प्रकाश एक-दोन स्टॉप कमी नोंदला जाईल. त्याहून कमी केला तर पार्श्वभूमी काळी पडते, आणि ढगाळ दिवशी भर दुपारी काढलेले फूल मध्यरात्रीचे वाटते. मला ते सड्याशी प्रामाणिक वाटत नाही. उलट नैसर्गिक प्रकाश जास्त राहिला, तर गोठलेल्या फुलाभोवती त्याचीच अंधूक सावली उमटते.

भिंगवाला

ट्रायपॉडची बाजू मांडण्यासाठी लिहितो आहे. उजाडल्यानंतरचा जो थोडा काळ वारा पडलेला असतो, त्या वेळी ट्रायपॉडला पर्याय नाही. आयएसओ १००, एफ/८, मंद शटर आणि फोकस किंचित सरकवत घेतलेली चित्रांची मालिका पुढे संगणकावर जोडायची असेल, तर चौकट अजिबात हलता कामा नये. दवबिंदूच्या पानावरील प्रत्येक केसाच्या टोकाशी असलेला चिकट थेंब मला याच पद्धतीने स्पष्ट मिळाला आहे, हातात कॅमेरा धरून कधीच मिळाला नाही.

तरीही तुमच्या कामासाठी उंच आणि जड ट्रायपॉड नको. फुले घोट्याखाली असतात, त्यामुळे मधला दांडा काढून टाकता येईल आणि पाय जवळजवळ जमिनीला टेकतील इतके फाकवता येतील, असा ट्रायपॉड पाहा. आहे त्यालाच हे जमत असेल, तर नवा घेऊच नका. नाहीतर जाड कापडाच्या पिशवीत तांदूळ भरून तिच्यावर लेन्स टेकवावी. वितीच्या आतल्या उंचीवर ही पिशवी उत्तम काम देते. लेन्सला आयएस (हादरे सावरणारी यंत्रणा) असेल, तर ट्रायपॉडवर तो बंद करावा आणि पिशवीवर मात्र चालू ठेवावा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सड्यावर जांभ्याच्या कातळावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसतो, आणि सीतेची आसवे नेमकी त्या पाणथळ पातळ थरातच उगवतात. फाकवलेल्या ट्रायपॉडचे तीन पाय आणि मागे टेकलेले आपले दोन गुडघे मिळून एका चित्रापायी कितीतरी रोपे चिरडतात. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातील जी ठिकाणे जागतिक वारसा यादीत घेतली, त्यांत कासही आहे. तिथे आखलेल्या वाटेवरून लेन्स पोहोचेल तेवढेच फूल टिपावे. आड येणारी गवताची पाती उपटणे आणि देठ चिमट्याने बांधून ठेवणे हे प्रकार तर मला मुळीच मान्य नाहीत. वाटेवरूनच लांबचे फूल गाठता येते, हे १०० मिमी लेन्स घेण्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण आहे.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. अक्षांश१७ यांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या फाइली तपासल्या. बहुतेक चित्रांत खडे रेखीव आहेत आणि फुलेच तेवढी पुसली गेली आहेत, तेव्हा ट्रायपॉडचा विचार सोडला आहे. आहे त्याचाच मधला दांडा निघतो, हेही पाहून झाले. सध्या ट्यूब आणि फ्लॅश घेतो, आणि १०० मिमी मॅक्रो लेन्स वापरलेली मिळाली तर तीही घेईन. कोकणातील एका गृहस्थांकडे अशी लेन्स विक्रीला आहे. तिथल्या दमट हवेमुळे बुरशीची शंका वाटते. प्रत्यक्ष पाहताना काय तपासावे?

निरगुडी

लेन्सची दोन्ही झाकणे काढून अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने टॉर्चचा झोत तिरका टाका आणि पुढून पाहा. धूळ ठिपक्यांसारखी दिसते. बुरशी कोळिष्टकासारखी फांद्या फुटत पसरलेली असते आणि बहुधा काचेच्या कडेपासून आत सरकते. धुळीची फारशी चिंता नको. बुरशी दिसली तर मात्र किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका, कारण ती काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यावरही डाग राहतात. त्यानंतर कॅमेऱ्यावर लेन्स लावून, ॲपर्चर बारीक करून डेप्थ ऑफ फील्डचे (फोकसची खोली आधीच दाखवणारे) बटण दाबा. ॲपर्चरची पाती लगेच मिटली पाहिजेत आणि त्यांवर तेलाची चकाकी नसावी. फोकसची कडी सर्वांत जवळपासून अनंतापर्यंत फिरवून पाहा. मध्ये कुठे अडखळली किंवा वाळू भरडल्यासारखा आवाज आला, तर लेन्स पडलेली असण्याची शक्यता धरावी.

घरी आणल्यावर ती कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवून आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखा, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा. पठारावरून ओली झालेली लेन्स आधी कोरड्या कापडाने पुसून पंख्याखाली वाळू द्यावी, आणि मगच डब्यात ठेवावी.