बाँड बदला, पण 'सांकेतिक नावा'ची पळवाट नको

गनबॅरल
डॅनियल क्रेगनंतर बाँडपटांत नवा नट येणार, मग आधीच्या बाँडचं काय करायचं? काल एकाने यावर तोडगा सुचवला: "'जेम्स बाँड' हे हेरखात्याचं सांकेतिक नाव आहे असं एकदा जाहीर करा. क्रेगचा बाँड २०२१मध्ये मेला, आता ते नाव पुढच्याला मिळालं. विषय संपला." वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

विषय संपत नाही, मालिकेचा कणा मोडतो. प्रत्येक काळात बाँड साकारणारा नट वेगळा, पण बघा: १९६९मध्ये लेझनबीचा बाँड ट्रेसीशी लग्न करतो आणि त्याच दिवशी तिचा खून होतो. १९७७मध्ये बायकोचा उल्लेख होताच मूर समोरचीला तिथेच थांबवतो. १९८१मध्ये तोच मूर ट्रेसीच्या थडग्यावर फुलं ठेवतो. १९८९मध्ये लग्नाची थट्टा सुरू होताच डाल्टन काढता पाय घेतो, आणि त्याचा मित्र फेलिक्स आपल्या नव्या नवरीला सांगतो की याचंही लग्न झालं होतं, फार पूर्वी. चेहरे तीन, विधुर एकच. शिवाय २०१२च्या 'स्कायफॉल'मध्ये बाँडच्या स्कॉटलंडमधल्या वडिलोपार्जित घराजवळ आईवडिलांच्या थडग्यावर आडनाव बाँडच आहे. खात्याने दिलेलं नाव आईबापांच्या दगडावर कसं कोरलं जाईल?

नवा नट बसवायची रीत मालिकेकडे आहेच: चेहरा उशिरा दाखवायचा. १९६२मध्ये जुगाराच्या टेबलावर आधी कॉनरीचे पत्ते हाताळणारे हात दिसतात, मग पाठ, मग सिगारेट पेटवताना चेहरा आणि नाव. १९९५मध्ये धरणावर धावणारी आकृती, २२० मीटरची उडी, मग नुसते डोळे. ब्रॉस्ननचा पूर्ण चेहरा दिसतो तो शौचालयाच्या छतातून उलटा लोंबकळताना. तोवर त्या माणसाचं काम आपण पाहिलेलं असतं. चेहरा नंतर येतो आणि खपून जातो. नव्या बाँडपटाचे दिग्दर्शक व्हिलनव्ह आणि लेखक स्टीव्हन नाइट यांनी ही पहिली दहा मिनिटं नीट बांधली तर एका ओळीचाही खुलासा लागणार नाही.

वॉल्थर
तो तोडगा माझाच. थडगी मोजलीत, पण ज्युडी डेंचला सोयीस्करपणे वगळलंत. १९९५मध्ये हीच एम, म्हणजे हेरखात्याची प्रमुख, ब्रॉस्ननला शीतयुद्धाचा अवशेष म्हणते. २००६मध्ये क्रेग नुकताच डबल-ओ (मारण्याचा परवाना असलेला हेर) झालाय आणि हीच बाई शीतयुद्धाची आठवण काढून उसासे टाकते. एकच बॉस, दोन बाँड. दुसरा पुरावा बाँडची गाडी, ॲस्टन मार्टिन डीबी५. २००६मध्ये क्रेग ती बहामात पत्त्यांत जिंकतो: डाव्या हाताचं स्टिअरिंग, बहामाचा नंबर. २०१२मध्ये गॅरेजचं दार उघडतं तेव्हा आत नंबर बीएमटी २१६ए, उजव्या हाताचं स्टिअरिंग, गिअरच्या दांड्यात सीट उडवायचं बटण, पुढे मशीनगन. ही यंत्रं १९६४मध्ये क्यूने, म्हणजे खात्याच्या यंत्रं बनवणाऱ्याने, बसवली होती. म्हणजे आधीच्या बाँडची गाडी याच्याकडे आली.

गनबॅरल
डेंचला ठेवली कारण तिच्याइतकी ठाम एम दुसरी मिळत नव्हती, दोन्ही वेळा दिग्दर्शकही मार्टिन कॅम्पबेलच होता. २००६ला कालरेषा पुसून पुन्हा सुरुवात केली, नटी मात्र तीच ठेवली. यात गूढ काही नाही. आणि गाडीचं म्हणाल तर जिंकलेली गाडी क्यूच्या लोकांनी बदलून दिली.

स्टिअरिंग
क्षमस्व, पण 'बदलून दिली' इतकं सोपं नाही. बाजू बदलायची म्हणजे स्टिअरिंगचा रॅक, पेडलं, पूर्ण डॅशबोर्ड आणि वायपरची यंत्रणा, सगळं उलटं बसवायचं, इंजिनमागच्या पत्र्याला नवी भोकं पाडायची. एवढं काम करण्यापेक्षा दुसरी गाडी घेणं सोपं. ती वेगळीच गाडी आहे. (आणि 'स्कायफॉल'मध्ये उडवली ती खरी डीबी५ नव्हे, थ्रीडी छपाईने केलेली एक-तृतीयांश आकाराची प्रतिकृती होती.)

वॉल्थर
बघा, स्टिअरिंगसुद्धा माझ्याच बाजूने!

स्टिअरिंग
मी कुणाच्याही बाजूने नाही. गाडी वेगळी एवढंच म्हणालो. बाँडही वेगळा हे तुम्ही चिकटवलंत. मूळ 'गोल्डफिंगर' कादंबरीत तर ती डीबी५ नव्हतीच, डीबी मार्क थ्री होती.

मागची रांग
अरे, प्रश्न नटाचा आहे आणि तुम्ही नंबरप्लेटवर भांडताय! राग येतो, कारण खरी अडचण कुणी बोलतच नाही: वय. कॉनरीचे पहिले पाच चित्रपट १९६२ ते १९६७, पाच वर्षांत. मूरचे सात, बारा वर्षांत. क्रेगचे पाच २००६ ते २०२१, म्हणजे दोन चित्रपटांत सरासरी पावणेचार वर्षं. या गतीने ३८ला सुरुवात करणारा पाचव्यापर्यंत ५३चा होतो, आणि क्रेगचं नेमकं तेच झालं. ३२चा घ्या, ४७ला संपेल.

मूरपंथी
कोवळा नट घेण्याचा परिणाम १९६९मध्ये पाहिलाय. लेझनबी चित्रीकरणात २९चा, मॉडेल, अभिनयाचा अनुभव जवळपास शून्य. बाँड सर हिलरी बनून वावरतो त्या प्रसंगांत त्याचा आवाजसुद्धा जॉर्ज बेकरचा आहे. मूर ४५व्या वर्षी आला तो टीव्हीवर वर्षानुवर्षं मुरून.

मागची रांग
लेझनबीची अडचण वय ही नव्हती, तालमीचा अभाव ही होती. म्हणून तर बाँडच्या भूमिकेच्या चाचणीला 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधला हॉटेलच्या खोलीचा प्रसंग देतात. १९८६मध्ये सॅम नीलने तोच केला होता. अंघोळीचं पाणी सोडलंय, पलीकडून आवाज येतो, अंगावर फक्त टॉवेल, हातात पिस्तूल, आणि पलंगावर नायिका तातियाना. पिस्तूल धरणं बहुतेकांना जमतं. पण पिस्तूल खाली आल्यावर खांदे सैल पडले पाहिजेत आणि धोका मात्र डोळ्यांत राहिला पाहिजे. जो ताठच राहतो तो गळतो. हे ३२व्या वर्षी जमणारा नट मिळू शकतो, शोधायची तयारी हवी.

मूरपंथी
मिळाला तर माझी हरकत नाही. पण मूरने मध्यंतरी सोडायला हवं होतं हे मला मान्य आहे, एवढ्यावरच थांबतो. १९८५मध्ये तो ५७चा होता आणि धावताना ते दिसतं.

वॉल्थर
स्कायफॉलच्या थडग्यापुढे माझं काही चालत नाही, सांकेतिक नाव मागे घेतो. डेंचचा मुद्दा सोडलेला नाही. फक्त नव्या नटाला पहिल्याच चित्रपटात डीबी५ देऊ नका, लोक गाडीकडेच बघतील.

स्टिअरिंग
इथेही चुकताय. १९९५च्या 'गोल्डनआय'मध्ये, त्याच्या पहिल्याच बाँडपटात, शीर्षकं संपताच ब्रॉस्नन डीबी५मध्येच आहे, बीएमटी २१४ए, मॉन्टे कार्लोवरच्या घाटात खलनायिका झेनियाच्या फेरारीशी शर्यत लावतोय. वळणावर शेजारची बाई घाबरून ओरडते आणि तो हसतो. त्या शर्यतीत लोक गाडीकडे नाही, त्याच्याकडे बघत होते.