शामनला मराठीत काय म्हणाल?

निवांत: काल आईसोबत 'ग्रॅन टोरिनो' (२००८) पाहिला. तिला इंग्रजी येत नाही, त्यामुळे शेजारी बसून माझं तोंडी भाषांतर चालू. त्यात आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग शेजाऱ्यांच्या घरी त्यांचा शामन नायकाला, वॉल्टला, न्याहाळतो आणि सांगतो की तुझ्या जेवणाला चव उरलेली नाही. मी म्हटलं, "हा त्यांचा भगत." आई लगेच, "भगत कसला? भगत कोंबडं मागितल्याशिवाय तोंड उघडत नाही. हा देवऋषी!" तिकडे वॉल्टला खोकल्यातून रक्त पडलं, आमचं इकडे भगत की देवऋषी. तुम्ही काय म्हटलं असतंत?

कर्जतकर: भगतच. आमच्या ठाकर-कातकरी वाड्यांवर दुसरा शब्द नाही. भक्तचं भगत झालं, विषय संपला. आणि कोंबडं देवऋषीही सोडत नाही, आईंना सांगा.

शुद्धमती: देवऋषी म्हणजे देवर्षी, म्हणजे नारद. लिंबू कापणाऱ्याला ती पदवी कशाला? 'शामन'च ठेवा. तो आपलाच शब्द आहे, श्रमणापासून आलेला.

माळरान: आलं, सगळं आपलंच! शामन सैबेरियातल्या एवेंकी लोकांच्या भाषेतून आलाय. श्रमणाशी नातं जोडतात काही जण, पण ते सिद्ध झालेलं नाही. मला भगत-देवऋषी दोन्ही खटकतात. भगताच्या अंगात येतं, म्हणजे देव त्याच्याकडे येतो. ह्मोंगांचा 'त्सी नेंग' तोंडावर फडकं घेऊन बाकावर बसतो. तो बाक म्हणजे घोडा. त्यावरून तो पलीकडे जातो, आजाऱ्याचा हरवलेला आत्मा परत आणायला. अंगात येणं कुठे आणि हे जाणं कुठे!

निवांत: मग 'जाणता'?

कर्जतकर: पुढे 'राजा' आपोआप लागेल.

सेंटपॉलवासी: विषयांतर होतंय, पण 'ह्मोंग' असं लिहू नका. १९७५ नंतर लाओसमधून निघालेली बरीच कुटुंबं आमच्या शहरात, अमेरिकेतल्या सेंट पॉलमध्ये आली. शेतकरी बाजारात कोथिंबीर मी त्यांच्याचकडून घेते. मी 'हमोंग' म्हटल्यावर भाजीवाली हसली. मग तिने ओठ मिटून नाकातून नुसता श्वास सोडला आणि त्यातूनच 'म' काढला. इंग्रजी बोलणारे सरळ 'मंग' म्हणतात. त्यांच्या रोमन लिपीत या शब्दाच्या शेवटी 'बी' असतो, तो उच्चारायचा नाही, फक्त वरचा सूर दाखवतो.

माळरान: श्वास आधी, म नंतर, म्हणजे 'ह्म'च बरोबर की!

सेंटपॉलवासी: कागदावर. 'ब्रह्म' लिहून 'ब्रम्ह' वाचणारे आपण, 'म्होंग'च म्हणणार. मग तसंच लिहा ना.

शुद्धमती: उच्चार चुकतो म्हणून लेखन बिघडवायचं? उद्या 'ब्राम्हण' लिहाल.

कर्जतकर: लिहिलं होतं, सहावीत. बाईंनी पन्नास वेळा 'ब्राह्मण' लिहायला लावलं, आणि प्रत्येक वेळी मोठ्याने स्वतः वाचलं 'ब्राम्हण'.

शुद्धमती: बाईंचं चुकलं.

निवांत: आई म्हणतेय, 'चिन्ह'चं काय?