नागपूरवरून जाऊन कोरल लावायच्या कामात हौशी डायव्हरला मदत करता येते का?

संत्रानगरी_बबल्स

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, तारकर्लीला ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला आणि तेव्हापासून सुट्टी मिळाली की समुद्र गाठतो. मागे अंदमानला गेलो होतो तिथे एका जागी तळाला नुसता कोरलचा, म्हणजे प्रवाळाचा चुरा पडलेला, काड्या काड्या, वर शेवाळ, आणि मधेच हाताच्या पंजाएवढं एक जिवंत कोरल, त्याच्या फटीत दोन चिमुकले मासे. ते काही केल्या डोक्यातून जाऊन नाही राहिलं. आता फ्लोरिडाचे व्हिडिओ पाहून राहिलो, तिथे माझ्यासारखे हौशी डायव्हर पाइपच्या झाडांना कोरलचे तुकडे टांगतात, साफ करतात, मोठे झाले की खडकावर लावतात. आपल्याकडे असं काही करता येतं का? परवानगी लागते का, जायचं कुठे, आणि समुद्रापासून इतक्या लांब बसून तयारी तरी काय करायची? सुट्ट्या आणि पैसा दोन्ही मोजून आहे म्हणून नीट विचारून मगच जायचं म्हणतो.

देवबागचो_डायव्हर

दादा, पहिली गोष्ट कायद्याची, कारण उत्साहात लोक हीच विसरतात. रीफ, म्हणजे समुद्रातले प्रवाळाचे खडक, बांधणारं सगळं कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. तोडणं, उचलणं, आठवण म्हणून मेलेला तुकडा बॅगेत टाकणं, सगळा गुन्हा. त्यामुळे कोणी म्हणालं की चला आपण चार मित्र मिळून कोरल लावू, तर जाऊ नका. आपल्याकडे हे काम वनखात्याच्या परवानगीनेच होतं आणि बहुतेक ठिकाणी शास्त्रज्ञच करतात. मन्नारच्या आखातात तुतीकोरीनच्या सुगंथी देवदासन संस्थेचे लोक कितीतरी वर्षं सिमेंटच्या लाद्यांवर तुकडे बांधून लावतायत. गुजरातेत मिठापूरजवळ २०२० साली झूलॉजिकल सर्व्हे आणि वनखात्याने बायोरॉक बसवला, म्हणजे लोखंडी सांगाड्यातून अगदी कमी दाबाची वीज सोडतात, त्यावर समुद्राच्या पाण्यातला चुना बसतो आणि त्याला कोरल धरतं. तुझ्यासारख्याला जमण्यासारखं म्हणजे अंदमान, तिथे रीफवॉच संस्था आपोआप तुटून तळाला पडलेले जिवंत तुकडे गोळा करून सांगाड्यांवर वाढवते. त्यांना थेट लिहून विचार, हौशी माणूस कधी आणि कुठल्या कामाला चालतो ते तेच सांगतील.

मालवणात पण काम आहे, फक्त ते लावायचं नाही, वाचवायचं आहे. इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, किल्ल्याच्या आजूबाजूला गाळाच्या पाण्यातही तग धरून राहिलेलं कोरल आहे, आणि त्याच्यावर सीझनला बोटींचे नांगर पडतात. पहिल्यांदा पाण्यात उतरलेला पर्यटक फोटोसाठी त्याच्यावरच पाय देऊन उभा राहतो. नांगर टाकण्याऐवजी कायम बांधलेल्या तरंगत्या बोयाला बोट लावणारा, पर्यटकाला उभं राहू न देणारा ऑपरेटर शोधून त्याच्याकडेच जा. पुढच्या खेपेला तो तसाच वागावा असं वाटत असेल तर गिऱ्हाईकाने विचारलं पाहिजे, आम्ही आपसात कितीही बोललो तरी फरक पडत नाही.

नीलिमा_धरमपेठ

मी पण नागपूरचीच, डाइव्ह कॅम्पला जाऊन असं काम केलंय म्हणून सांगते. व्हिडिओत लावताना दाखवतात पण खरं नव्वद टक्के काम घासायचं असतं रे. दोरीला आणि सांगाड्याला शेवाळ धरतं, ते वाढलं की कोरलचा तुकडा गुदमरतो, मग टूथब्रश घेऊन एकेक तुकड्याच्या भोवती घासायचं, पण तुकड्याला ब्रश लागू द्यायचा नाही. डोकं खाली पाय वर असं तरंगत राहायचं आणि प्रवाह तुला हळूहळू बाजूला नेत असतो. कोरल खाणाऱ्या बारीक गोगलगाई असतात, ड्रुपेला, त्या फांदीच्या बुडाला चिकटून बसतात, त्या शोधायला नजर तयार व्हावी लागते. आणि हे सगळं करताना तुझ्या पायातला एक फिन तळाला लागला की वाळू उडते आणि शेजारच्या कोरलवर बसते, म्हणजे मदतीपेक्षा नुकसानच. म्हणून तयारी एकच, बॉयन्सी, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली असं तरंगत राहणं. नागपुरात ती होते, स्विमिंग पूलमधे कोणी प्रशिक्षक टँक घेऊन येतो का ते बघ, श्वासावर वरखाली व्हायला शिक, एका जागी हात न हलवता पाच मिनिटं थांबता आलं पाहिजे, फ्रॉग किक, बेडकासारखे पाय मारणं, शिक म्हणजे पाणी खाली ढकललं जात नाही. हे जमत नाही तोवर नर्सरीजवळ, म्हणजे तुकडे वाढवायच्या जागेजवळ जायचं नाव काढू नको असं मी स्पष्टच सांगते. आणि अंदमानवरून परतताना शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी निदान अठरा तास सोड, तिकीट त्या हिशोबाने काढ.

वर्धारोड_विनू

तुमच्या सगळ्यांच्या भावना पोचल्या पण एक विचारतो. समुद्रच तापून राहिला तर हे टूथब्रश घेऊन काय होणार? २०२३ च्या उन्हाळ्यात त्याच फ्लोरिडात पाणी इतकं तापलं की नर्सऱ्या मेल्या, वर्षांची मेहनत गेली. एप्रिल २०२४ मधे जगभरचं चौथं ब्लीचिंग, म्हणजे कोरल पांढरं पडणं, जाहीर झालं. मे महिन्यात संत्र्याची कलमं उघड्या रानात लावल्यासारखं आहे हे. तोच पैसा दुसरीकडे लावलेला काय वाईट?

नीलिमा_धरमपेठ

विनू भाऊ, प्रश्न बरोबर आहे आणि उडवून लावायचा नाही. कोरलच्या आत बारीक शैवाल राहतं, त्याचं बहुतेक अन्न तेच बनवतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याच्या वर एखादी डिग्री गेलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की ते शैवाल बाहेर पडतं आणि कोरल पांढरं दिसतं. पण पांढरं म्हणजे मेलेलं नाही, पाणी वेळेत थंड झालं तर ते परत येतं. काही येतात, काही नाही. जी येतात त्यांचेच तुकडे पुढे वाढवायचे, नर्सरीचा मोठा उपयोग हाच. फ्लोरिडात पण लोकांनी पाणी तापताना हजारो तुकडे वर काढून जमिनीवरच्या टाक्यांत नेले, तिथे हात लागले ते स्वयंसेवकांचेही. लावून रीफ वाचेल असं कोणीच म्हणत नाही, कार्बन कमी झाला नाही तर नाहीच वाचणार. पण तोवर बियाणं तरी शिल्लक राहायला हवं ना?

संत्रानगरी_बबल्स

ताई, दादा, खूप आभार. म्हणजे आधी पूल. पण तोपर्यंत मालवणला जाणं होतंच, तिथे नुसतं बघून येण्यापेक्षा कामाचं काही करता येईल का?

देवबागचो_डायव्हर

येईल की. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड विद्यापीठाचं कोरलवॉच आहे, २००२ पासून. त्यांचं प्लास्टिकचं रंगांचं कार्ड मिळतं, फिकट ते गडद एक ते सहा. हात न लावता कार्ड कोरलजवळ धरायचं, सगळ्यात फिकट भाग आणि सगळ्यात गडद भाग कुठल्या रंगाशी जुळतो ते पाटीवर लिहायचं, सोबत तारीख, खोली, पाण्याचं तापमान. वर आल्यावर त्यांच्या साइटवर भरायचं. याला कौशल्याचा डोंगर लागत नाही, फक्त स्थिर राहता आलं पाहिजे. तळाला अडकलेलं जाळं दिसलं तर एकट्याने ओढू नको, ओढलं की कोरल मुळासकट येतं. जागा लक्षात ठेवून आम्हाला सांग, आम्ही कटर घेऊन तुकडे करून काढतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ये, तेव्हा पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. नागपूर-मडगाव गाडी चालू असेल तर कुडाळला उतर, तिथून मालवणची एसटी मिळते.