मदत हवी आहे : भाच्याला लढाऊ विमानांच्या एव्हिऑनिक्सकडे जायचंय

नमस्कार मंडळी,

भाचा नाशिकजवळच्या ओझरला वाढला. डोक्यावरून सुखोई गेलं की हातातला घास तसाच ठेवून अंगणात पळणारा पोरगा. आता इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला उडवायचं नाहीये. एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातली रडार, रेडिओ, नेव्हिगेशन असली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, दुरुस्त करायचीय. घरचे म्हणतात, "पायलट नाही तर मग काय?" असो.

आम्हाला कळलंय ते असं : २०२२ पासून हवाई दलात जवानांची भरती अग्निवीर वायू म्हणून होते, चार वर्षांसाठी. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम होतात. तीन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा चालतो. १.६ किलोमीटर सात मिनिटांत पळायचंय, ते तो आरामात पळतो.

खरी धास्ती वेगळीच आहे. परवा माझा मिक्सर खोलून बसला होता, तेव्हा तपकिरी वायर हातात धरून म्हणाला, "मामी, ही हिरवीच ना?" माझ्या पोटात गोळाच आला. मेडिकलला रंगदृष्टी तपासतात. अर्ज भरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नेमकी कोणती तपासणी करून घ्यावी?

आणि हवाई दलात काम केलेल्यांना विचारायचंय, अग्निवीराला चार वर्षांत विमानाच्या यंत्रणांना खरंच हात लावायला मिळतो का? पुढे नागरी विमानांसाठी बी-२ लायसन्स (एव्हिऑनिक्स दुरुस्तीचा परवाना) काढायचं झालं, तर तो अनुभव धरतात का? की आत्ताच थेट एएमईला (विमान देखभाल अभियंत्याच्या कोर्सला) घालावं? फी ऐकून दाजी गप्पच झालेत.

अर्धवट माहिती असली तरी कळवा.