पूर ओसरल्यावर नगरसेवकांकडं नेमकं काय मागायचं?

भांडीबाजारची सून
नमस्कार मंडळी. नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं की माल माळ्यावर चढवायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. २००८, २०१६, २०१९, तिन्ही पुरांत पाणी दुकानात होतं. खरे हाल पाणी गेल्यावर होतात. एकजण सांगतो, पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका. दुसरा म्हणतो, लगेच धुवा, रोगराई पसरेल. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर काही पावसाळे तर विचारायला नगरसेवकच नव्हते. आता प्रभागात चौघं आहेत. गल्लीतल्या आम्ही बायका त्यांना पावसाळ्याआधी निवेदन देणार आहोत. त्यात काय लिहू?

खराटा
ताई, मी स्वच्छता निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. माझं ऐकाल तर पहिला मुद्दा गाळाचा घ्या. पाणी उतरत असतानाच खराट्यानं गाळ हलवत राहिलं तर तो पाण्यासोबतच निघून जातो. एकदा ऊन पडलं की फरशीला असा धरतो की पहारीनं काढावा लागतो, आणि तुमच्या गल्ल्यांत जेसीबी शिरत नाही. म्हणजे माणसं, पंप आणि टँकर कुठल्या विभागातून येणार हे जूनआधी कागदावर ठरलेलं हवं. पाणी चढल्यावर फोनाफोनी करून काही हाती लागत नाही.

लोक घाईघाईत गाळ चेंबरमध्ये लोटतात. मग पुढच्या सरीला तेच घाण पाणी मोरीतून घरात येतं. सराफ बाजारात सरस्वती नाल्यामुळं हा त्रास आधीच आहे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर-ट्रॉली, आणि तिची वेळ ठरलेली, एवढं मागाच. नळाला पाणी आलं की ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का याची तपासणी, गल्लीतल्या शेवटच्या नळावर करायला लावा. पहिल्या नळावर क्लोरीन बहुधा मिळतंच.

आणि चौघं नगरसेवक चार वेगळ्या वेळी येऊन गेले तर उपयोग नाही. रोज संध्याकाळी एका जागी टेबल टाकून चौघांनी बसावं, सोबत विभागीय अधिकारी असावेत, आणि आज काय झालं, उद्या काय होणार हे फळ्यावर लिहावं. १९९४ च्या पावसाळ्यातल्या पुरानंतर सुरतेत प्लेग आला. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी केबिनमधून काढून गल्लीत उभं केलं. ते शहर त्यातून सावरलं. मी नोकरीभर तो दाखला मनाशी धरून काम केलं.

गंगापूररोडकर
निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकाठच्या पूरधोक्याच्या हद्दीच्या, आत दुकानं असतील तर ती हलवायला नकोत का? दरवेळी मदत किती दिवस द्यायची?

खराटा
नवीन बांधकाम निळ्या रेषेत होऊच नये, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण नारोशंकराचं देऊळ १७४७ चं आहे आणि त्याच्या आसपासची ही पेठही जुनीच आहे. पूररेषा २००८ च्या पुरानंतर आखली. आधीपासून बसलेल्या माणसाला त्या रेषेवरून दोषी धरू नका.

कागदवाला
पैसे आणि पंचनामा महसूल खात्याकडं असतात. २००५ च्या आपत्ती कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. २०२५ च्या दुरुस्तीनं महापालिका असलेल्या शहरात आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली वेगळं शहरी प्राधिकरण नेमण्याची सोय केली आहे. ते इथं नेमलं जावं आणि त्यात नगरसेवकांना जागा मिळावी, ही मागणी लिहा. तोवर तलाठी आणि पालिकेचा माणूस एकत्र यावेत, गल्लीतला क्रम आदल्या दिवशी कळावा. तुमचा 'धुवू की थांबू' हा प्रश्न त्यानंच सुटेल. धुण्याआधी पाण्याच्या खुणेसकट फोटो काढा. आणि यादी अंतिम होण्याआधी गल्लीत लावायला सांगा, भाडेकरूंची नावं तिथंच गळतात.

भांडीबाजारची सून
काका, दादा, दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी सगळ्याजणी बसतोय. रामकुंडावर पूजासाहित्य विकणाऱ्या बायकांनाही बोलावलंय. त्यांच्याकडं शॉप अ‍ॅक्ट नाही. त्यांचं काय?

कागदवाला
२०२१ च्या पुरानंतर शासनानं दुकानदारांना कमाल ५० हजार आणि टपरीधारकांना कमाल १० हजार दिले होते, पण नोंदणी असलेल्यांनाच. ज्यांची नोंद नाही त्यांची पावसाळ्याआधी करून घ्या, हे निवेदनात सगळ्यात वर घाला.