मदत हवी आहे: वन्यजीव विषयातली एम.एस्सी. कमी खर्चात कुठे करावी?

सारस_गोंदिया
बी.एस्सी.चं (प्राणिशास्त्र) शेवटचं वर्ष, गोंदिया जिल्हा, ओबीसी. वन्यजीव व्यवस्थापनात मास्टर्स करायचं आहे. फी, राहणं, खाणं सगळं धरून दोन वर्षांत अडीच लाखांच्या वर जाता येणार नाही. पुढे संशोधन प्रकल्पांवर काम करायचं आहे, वनखात्याची परीक्षाही मनात आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. डेहराडूनच्या वन्यजीव व्यवस्थापन पदविकेला मला अर्ज करता येईल का? महाराष्ट्राबाहेर स्वस्त आणि चांगलं काय आहे? आणि घरी राहून सारस (क्रौंच) पक्ष्यावर प्रबंध केला तर चालेल का?

मचाण
डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची ती दहा महिन्यांची पदव्युत्तर पदविका नोकरीत असलेल्या वनाधिकाऱ्यांसाठी असते. नाव सारखं असल्यामुळे दरवर्षी बरेच जण गोंधळतात. तुमच्यासारख्यांसाठी तिथे वन्यजीव विज्ञानाची एम.एस्सी. आहे, १९८८ पासून चालू. प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीतून होतो, जागा मोजक्या.

वनखात्याचं म्हणाल तर एमपीएससीच्या वनसेवा परीक्षेला आणि यूपीएससीच्या भारतीय वनसेवेला पदवी पुरते, वन्यजीवातली एम.एस्सी. लागत नाही. तेच एक ध्येय असेल तर हे अडीच लाख परीक्षेच्या अभ्यासाकडे वळवा. प्रकल्पांवर काम करायचं असेल तर मात्र प्रबंध चांगला झालेली एम.एस्सी. खरंच उपयोगी पडते, कारण निवड करणारे आधी प्रबंधच वाचतात.

एक धोका आताच लक्षात घ्या. पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचं ठरवलं तर पदवीवर ‘वन्यजीव’ लिहिलेलं असल्याने ‘संबंधित विषय’ या अटीवर अर्ज अडू शकतो. ती वाट उघडी ठेवायची असेल तर अनुदानित कॉलेजात प्राणिशास्त्राची एम.एस्सी. करा आणि प्रबंध परिसंस्थाशास्त्रातला घ्या. जोडीला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा (बीएनएचएस) पक्षिशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करता येतो. अडीच लाखांत बसणारा हा सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे, पण कॉलेजात मैदानी काम करणारा मार्गदर्शक असेल तरच.

वाघूर
बाहेरचे पर्याय सांगतो.

अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वन्यजीव विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. केंद्रीय विद्यापीठ असल्याने फी कमी, प्रवेश परीक्षेतून. तमिळनाडूत दोन ठिकाणं आहेत: मयिलादुतुरैजवळचं एव्हीसी कॉलेज आणि उटीचं सरकारी कला महाविद्यालय. दोन्हीकडे वन्यजीव जीवशास्त्राची एम.एस्सी. आहे. उटीला सरकारी फी आहे आणि निलगिरीचं जंगल दाराशी. पण परराज्यातला विद्यार्थी तिथे खुल्या गटातच मोजला जातो, म्हणून गुणांचा हिशोब आधी करा. एव्हीसीत तुमची तुकडी अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, हे फोन करून विचारा. एकाच आवारात या दोन तुकड्यांच्या फीत मोठा फरक असू शकतो.

बंगळूरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेची वन्यजीव जीवशास्त्र आणि संवर्धनाची एम.एस्सी. (२००४ पासून) देशातल्या उत्तम अभ्यासक्रमांपैकी आहे, पण तुकडी वर्षाआड भरते. तुमचं पदवीचं वर्ष तुकडीच्या वर्षाशी जुळलं नाही तर वर्षभर थांबावं लागेल. ते वर्ष एखाद्या प्रकल्पावर मदतनीस म्हणून घालवलंत तर वाया जात नाही, मुलाखतीत त्याचा फायदाच होतो.

पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एम.एस्सी. आहे. भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेतही वन्यजीव संवर्धनाचा अभ्यासक्रम आहे, पण ते अभिमत विद्यापीठ आहे, त्यामुळे फीचा आकडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुण्यात खोलीचं भाडंही फीइतकंच बोचतं.

मचाण
फीच्या आकड्यावर सगळे थांबतात, खरा खर्च प्रबंधाचा आहे. अंदाज मांडून बघा. १२० दिवस मैदानात, स्थानिक सहायकाला रोजचे ५०० धरले तर ६०,००० रुपये. दुचाकी रोज ४० किलोमीटर, म्हणजे ४,८०० किलोमीटर, साधारण ११,००० चं पेट्रोल. पाच महिने खोली आणि जेवण दरमहा ७,००० ने ३५,०००. बेरीज एक लाख सहा हजार. सरकारी कॉलेजची दोन वर्षांची फी याच्या पुष्कळ आत असते. म्हणून विभागाला पहिला प्रश्न हाच विचारा: प्रबंधाचा मैदानी खर्च कोण करतो? मार्गदर्शकाच्या चालू प्रकल्पातून सहायक, गाडी आणि कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) मिळत असतील तर जास्त फीचं कॉलेजही शेवटी स्वस्त पडतं.

दुसरा प्रश्न: प्रबंधाला किती महिने मिळतात? दोनच असतील तर सोडून द्या. कारण साधं आहे. रेषाछेद पद्धतीने, म्हणजे ठरलेल्या सरळ रेषांवर चालत दिसलेले प्राणी नोंदवून, घनता काढायची तर एका प्रजातीच्या किमान ६० ते ८० नोंदी लागतात. त्याहून कमी नोंदींवर अंतराप्रमाणे प्राणी दिसण्याची शक्यता कशी घटते, हा आलेख भरवशाचा येत नाही. समजा नीलगाईचे कळप किलोमीटरला ०.४ दिसतात. २ किलोमीटरच्या रेषा ४० वेळा चाललात तर ८० किलोमीटर होतात आणि नोंदी फक्त ३२. ८० नोंदींसाठी २०० किलोमीटर, म्हणजे १०० फेऱ्या हव्यात. दोन महिन्यांत, त्यात परवानगीची वाट बघत, हे होत नाही. मग विद्यार्थी ‘दिसलेल्या प्राण्यांची यादी’ जोडतो आणि प्रबंध वाया जातो.

तिसरं, गेल्या दोन तुकड्यांचे प्रबंध ग्रंथालयात उघडून बघा. सगळे एकाच तलावावरच्या पक्ष्यांच्या याद्या असतील तर मैदानी शिक्षण तिथे नाही, जाहिरातीत वाघाचा फोटो असला तरी.

धनेश
परवानग्यांमुळे सगळ्यात जास्त वेळ जातो. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी जायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, महाराष्ट्रात नागपूरहून. अर्जाला उद्दिष्टं, पद्धत, नकाशा, कालावधी, सोबतच्या माणसांची नावं आणि मार्गदर्शकाचं पत्र जोडा. डिसेंबरमध्ये काम सुरू करायचं असेल तर अर्ज ऑगस्टमध्येच द्या. प्राणी पकडणं, रक्त घेणं, गळ्यात रेडिओ कॉलर लावणं यांना कलम १२ ची वेगळी परवानगी लागते, आणि प्राणी कायद्याच्या अनुसूची १ (सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्रजाती) मधला असेल तर केंद्राचीही. एम.एस्सी.च्या मुदतीत त्या वाटेला जाऊ नका. संरक्षित क्षेत्राबाहेरच्या वनजमिनीसाठीही उपवनसंरक्षकांची लेखी परवानगी घ्या, नाहीतर तपासणी नाक्यावर सगळा दिवस जातो.

सारसाचा विचार मला फार आवडला. भातखाचरं आणि गावतलाव नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर आहेत, घरी राहिलात तर खोलीचं भाडं वाचतं, आणि गावकऱ्यांशी ओळख असणं ही पैशाने न मिळणारी गोष्ट आहे. अडचण वेळापत्रकाची आहे. सारस घरटी करतो पावसाळ्यात, आणि बहुतेक विद्यापीठांत प्रबंधाचं सत्र जानेवारी ते मे. म्हणून घरट्यांचं यश हा विषय घेऊ नका. उन्हाळ्यात पाणी आटत जाताना जोड्या आणि थवे कोणत्या तलावांवर येतात, पाण्याची खोली आणि माणसांची वर्दळ यांचा त्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्न त्या पाच महिन्यांत नेमका बसतो. घरट्यांवर काम करायचंच असेल तर पहिल्या वर्षाच्या पावसाळ्यात नोंदी घेता येतील का, ते मार्गदर्शकाला प्रवेश घेतानाच विचारा.

सारस_गोंदिया
मनापासून आभार. अलीगढ आणि डेहराडूनचे अर्ज भरते, आणि नागपूरकडच्या कॉलेजांत मार्गदर्शक शोधते. शिष्यवृत्तीचं काय करावं?

वाघूर
महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती योजना राज्याबाहेरच्या कॉलेजला लागू होतात की नाही, हे प्रत्येक योजनेत वेगळं असतं. प्रवेश घेण्याआधी योजनेचं नाव घेऊन जिल्ह्याच्या संबंधित कार्यालयात विचारा. बँकेच्या शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, अडीच लाखांचं गणित त्यात बसतं.

केंद्राच्या संस्थेत ओबीसी जागेसाठी अर्ज करताना राज्याचा नॉन-क्रीमी लेयर दाखला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी चालू आर्थिक वर्षातलाच मागतात. आपली जात केंद्राच्या यादीत कशा स्पेलिंगने आहे ते आधी पाहून घ्या. १ एप्रिलनंतर लगेच अर्ज टाका, कारण जूनमध्ये दहावी-बारावीच्या दाखल्यांची गर्दी झाली की उपविभागीय कार्यालयात आठवडे जातात.