मदत हवी आहे: विश्व प्रसरण पावतंय, मग आपली सूर्यमाला का नाही ताणली जात?

शनिवारी आठवीच्या मुलांना विश्वाचं प्रसरण समजावून सांगायचंय, फुगा घेऊन. आधी स्केचपेनने ठिपके काढले तर फुगवल्यावर ठिपकेच पसरट झाले, म्हणजे आकाशगंगाही फुगतायत असं दिसायला लागलं, मग टिकल्या चिकटवल्या, त्या तेवढ्याच राहतात आणि मधलं अंतर वाढतं, हे जास्त बरोबर वाटतंय.

हबल स्थिरांक (प्रसरणाचा दर सांगणारा आकडा) साधारण ७० धरला तर दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे दूर जाण्याचा वेग सेकंदाला ७० किमी, आणि १९९८ मध्ये सुपरनोव्हांवरून (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून) कळलं की प्रसरणाचा वेग वाढतोय, इथपर्यंत नीट समजलंय. शेजारची देवयानी आकाशगंगा २५ लाख प्रकाशवर्षांवर असूनही उलट आपल्याकडेच येतेय, तेही ठीक. पण बरेच व्हिडिओ बघितले, सगळे 'जवळच्या अंतरावर गुरुत्वाकर्षण जिंकतं' एवढंच बोलून पुढे जातात आणि मुलं नेमकं तिथेच विचारणार, मला त्यांना काहीतरी गुळमुळीत सांगायचं नाहीये.

बारावीपर्यंतचं गणित चालेल, सापेक्षतेची समीकरणं नकोत. डार्क एनर्जीची (प्रसरणाचा वेग वाढवणाऱ्या अज्ञात ऊर्जेची) घनता कायम तेवढीच राहते असंच धरा, बिग रिप (प्रसरणाने शेवटी सगळंच फाटून जाण्याची कल्पना) सध्या बाजूला ठेवू.

तर सूर्यमालेत अवकाश क्षणोक्षणी थोडं ताणलं जातं आणि गुरुत्वाकर्षण ते परत आवरतं, की गुरुत्वाने बांधलेल्या ठिकाणी प्रसरण मुळात नसतंच? आणि पुढे अब्जावधी वर्षांनी कन्या समूह (आकाशगंगांचा एक दूरचा पुंजका) पार दिसेनासा झाला तरी आपण आणि देवयानी एकत्रच राहणार ना?